वरची भाषा

डोंगर घसरल्याची बातमी मिठागरावर आली ती मुकादमाच्या फोनवर. मुकादमाला वरच्यांची भाषा येत नव्हती. त्याने बांधावरूनच थोरलीला हाक मारली. ती डोक्यावरची टोपली ढिगावर रिकामी करून आली, तेव्हा त्याने आधी तिच्याकडे हात पुसायला एक फडकं टाकलं आणि मग फोन दिला.

पलीकडून धाकटी जाऊ बोलत होती. शेताच्या खालच्या तीन पायऱ्या गेल्या, गोठा गेला, घर तेवढं राहिलं. ती रडत नव्हती. रडून झालं असावं.

"शेळ्या मामाकडे नेऊन बांधल्यात," ती म्हणाली. "आता इथे बसून कोणाचं तोंड बघू? मी खाली येते. तुमच्याबरोबर मीठ वाहीन. आमच्या ह्यांना सांग, महिनाभरात येते."

"ये," थोरली म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती.

फोन परत घेताना मुकादमाने तो स्वतःच्या बाहीला दोनदा पुसला.

मिठागरावर चाळीसेक माणसं वरची होती. वरची म्हणजे डोंगरापलीकडची, तीन दिवसांच्या वाटेवरची. त्यांच्या जमातीचं किंवा भाषेचं नाव खाली कोणी विचारलं नव्हतं. वरचे म्हटलं की भागायचं. पाऊस सरला की ते यायचे, आठ महिने खाऱ्या पाण्यात उभे राहून दंताळ्याने मीठ ओढायचे आणि आभाळ भरून आलं की परत जायचे. बाकीच्या मजुरांच्या चाळीपासून लांब, पंपाच्या पलीकडे, त्यांच्या पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. दुकानदार त्यांच्याशी मोठ्याने बोलायचा, बहिऱ्याशी बोलावं तसा.

बहुतेक पुरुष एकटेच यायचे. बायका वर शेतं राखायच्या. थोरली मात्र चार वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर आली होती. नवरा दोन वर्षांमागे गेला. काविळीने गेला, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून धाकटा दीर तिच्या शेजारच्या खोलीत राहायचा आणि तिच्या हातचं जेवायचा. वर गावात जाऊन राहावं असं तिच्या मनात येई, पण वर दवाखाना नव्हता.

खालची भाषा ती दवाखान्याच्या फरशीवर शिकली. नवऱ्याच्या खाटेशेजारी ती सात आठवडे झोपली होती. आधी "सरका" शिकली, मग "थांबा", मग औषधांची नावं. नवरा गेल्यावर चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं, आणि मग ते जे बोलले ते तिला एका दमात कळलं. तोवर तेवढी भाषा तिला आली होती. त्या दिवसापासून ती रोज सकाळी कामावर जाण्याआधी एक गोळी घेत होती. गोळ्यांची डबी तांदळाच्या डब्यात, तळाशी पुरलेली असे. ही गोष्ट अख्ख्या मिठागरावर एकट्या सिस्टरला ठाऊक होती.

सिस्टर दर दुसऱ्या गुरुवारी तपासणीची गाडी घेऊन यायची. उंच, पिकल्या केसांची, पायात पुरुषी चपला. पहिल्या खेपेला तिने वरच्यांना रांगेत बसवून एचआयव्हीवर तासभर माहिती दिली. वरच्यांनी ती शांतपणे ऐकली. नंतर थोरलीने एकाला विचारलं, काय कळलं. तो म्हणाला, "काहीतरी नवीन खत आलंय."

सिस्टरने ते ऐकलं तेव्हा ती हसली नाही. "मग तू बोल त्यांच्याशी," ती थोरलीला म्हणाली.

"मी विधवा बाई. सगळे माझ्या दिरासारखे. असल्या गोष्टी मी कशा बोलू?"

"बरं. मग दुसरं कोण बोलेल ते सांग. मी त्याला विचारते."

दुसरं कोणीच नव्हतं. तेव्हा थोरली बोलायला लागली. सिस्टरने एकच अट घातली होती. गाडीत जे कानावर पडेल ते गाडीतच ठेवायचं, अगदी पोटच्या पोरालाही सांगायचं नाही. थोरली हो म्हणाली. तिला पोर नव्हतं.

वरच्या भाषेत या आजाराला शब्द नव्हता. तिने दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग सांगितलं, रक्तातली वाळवी. खांब बाहेरून धड दिसतो, रंगसुद्धा जात नाही, आत काय चाललंय ते ठोकून बघितल्याशिवाय कळत नाही. माणसांनी माना डोलावल्या. मग आली निरोधची पाकिटं. तिने पदर घट्ट ओढला, समोरच्या मिठाच्या ढिगाकडे बघितलं आणि म्हणाली, "खाऱ्या पाण्यात अनवाणी उतरलात तर पायाला काय होतं?"

"भेगा पडतात," कोणीतरी म्हणालं.

"म्हणून बूट घालता. हा पण बूटच आहे."

हसून हसून माणसं बांधावर लोळायची बाकी राहिली. त्या दिवसापासून निरोधला वरच्यांमध्ये बूटच म्हणू लागले. ट्रकतळाकडे निघालेल्याला मागून कोणीतरी विचारायचं, बूट घेतलास का रे. पाकिटं संपायला लागली. पण त्याच माणसांच्या बायका पुढच्या वर्षी वर थोरलीला भेटल्या, तर त्यांनी तिला चुलीजवळ बसवलं नाही. जी बाई पुरुषांसमोर हे बोलते ती आणखी काय काय करत असेल, असं त्यांना वाटे. पुरुषही कामापुरतं बोलत. जेवताना ती एकटीच बसायची.

जाऊ येणार म्हटल्यावर, फोन आला त्याच दुपारी तिने धाकट्याला वाफ्याच्या कडेला गाठलं.

"गुरुवारी बोट टोचून घे," ती म्हणाली. "ती यायच्या आधी."

"मला काय झालंय?"

"काही झालं नसेल. मग टोचायला काय जातं?"

"वहिनी, आता घरच्यांवर पण सुरू केलंस का?" त्याने दंताळं रोवलं. अंगापिंडाने तो भावासारखाच होता. मान वाकवून उभं राहणंही तेच. "बरं. टोचतो. पण परत हा विषय काढायचा नाही."

गुरुवारी तो गाडीत चढला तो हसत. थोड्या वेळाने सिस्टरने थोरलीला आत बोलावलं आणि दार ओढून घेतलं. गाडीत स्पिरिटचा वास कोंडला होता. सिस्टर म्हणाली, "त्याला विचार, हे ऐकताना तू इथे असलेली चालेल का. नको असेल तर मी तालुक्याहून दुसरं कोणी शोधेन."

थोरलीने विचारलं. धाकट्याचं हसू तेवढ्यानेच उतरलं. "दुसरं कोण आहे?" तो म्हणाला. "सांग."

सिस्टरने चार-पाच वाक्यं सांगितली, सावकाश, मध्ये थांबत. थोरलीने एकच सांगितलं.

"लागलंय."

तो आपल्या पावलांकडे बघत बसला. मिठाने टाचा फाटून पांढऱ्या झाल्या होत्या. मग म्हणाला, "परत बघायला सांग."

"तीनदा बघितलंय."

मग सिस्टर बोलत राहिली आणि थोरली सांगत राहिली. रोज एक गोळी, चुकवायची नाही. गोळी घेणारा माणूस म्हातारा होऊन मरतो. बायकोला लागण होणार नाही अशी काळजी घेता येते. पुढे मूलसुद्धा धड होऊ शकतं. धाकट्याच्या कानात त्यातलं काही शिरत नव्हतं, हे तिला दिसत होतं. ती तरीही सगळं सांगत राहिली, एक शब्द न गाळता.

बाहेर आल्यावर त्याने तिचं मनगट पकडलं. आजवर त्याने तिला कधी हात लावला नव्हता.

"तिला सांगायचं नाही."

"मी नाही सांगणार. तूच सांगायचंस."

"सांगेन. मला वेळ दे."

"तोवर तू तिच्याजवळ जायचं नाही."

त्याने मनगट सोडलं आणि तो चालू लागला.

दोन दिवस तो कामावर आला नाही. मुकादमाने विचारलं तर थोरलीने ताप सांगितला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या खोलीत गेली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. सिस्टरने दिलेली गोळ्यांची डबी कोपऱ्यात फेकलेली होती, झाकणही उघडलेलं नव्हतं. पत्रा तापून खोलीची भट्टी झाली होती.

"ऊठ. जेव, आणि गोळी घे."

"तुला काय जातं सांगायला," तो भिंतीला म्हणाला. "गावभर तेच सांगत फिरतेस. तुला कुठे काय झालंय?"

थोरली आपल्या खोलीत गेली. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिने आपली डबी काढली आणि आणून त्याच्या उशाशी ठेवली. दोन्ही डब्या सारख्याच होत्या, फक्त तिची अर्धी रिकामी. तांदळाचे चार दाणे झाकणाला चिकटले होते.

तो उठून बसला. त्याने डबी हातात घेतली, हलवून बघितली.

"दादा?" त्याने विचारलं.

"हो."

"कावीळ म्हणालीस."

"म्हणाले."

मग तो सांगू लागला, तिने न विचारता. दादा गेला त्या वर्षी तो पाच-सहा वेळा ट्रकतळामागच्या खोल्यांकडे गेला होता. तेव्हा गाडी येत नव्हती, बूट वगैरे कोणाला ठाऊक नव्हतं. तिथे एक बाई होती. वरच्या भाषेत बोलायची. आपल्यापेक्षा दोन खोरी पलीकडची, काही शब्द वेगळे, पण भाषा तीच.

"तू तेव्हा बोलायचीच नाहीस, वहिनी. दिवसभर वाफ्यात शिव्या खायच्या, त्याही कळायच्या नाहीत. तिच्याकडे गेलो की नुसतं बोलत बसायचो. ती विचारायची, तुमच्याकडे यंदा मध किती निघाला." तो थांबला. "आता ती तिथे नाही. कुठे गेली, कोणी सांगत नाही."

थोरलीने भात कालवून ताट त्याच्यापुढे सरकवलं. तो जेवला. मग त्याने गोळी घेतली.

जाऊ आली ती मिठाच्या रिकाम्या ट्रकमधून, डोक्यावर वाळवलेल्या भाज्यांचं गाठोडं घेऊन. ठेंगणी, भरल्या अंगाची, बोलकी. थोरलीची ती मावसबहीणच. तीन वर्षांपूर्वी थोरलीनेच हे लग्न जुळवलं होतं. माझा दीर हिऱ्यासारखा आहे, असं मावशीला छातीला हात लावून सांगितलं होतं. आल्या आल्या जावेने दोन्ही खोल्या झाडून काढल्या, नवऱ्याचे कपडे धुतले आणि हे मीठ डोळ्यांत किती चकाकतं म्हणून हसली.

"तू माझ्याकडे झोपत जा," थोरली तिला म्हणाली. "हे गेल्यापासून मला एकटीला झोप येत नाही."

जावेने नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "झोप तिच्याकडे." तेच तिच्या मनाला लागलं.

असे चार दिवस गेले, मग सहा. थोरली रोज धाकट्याकडे बघायची, तो मान खाली घालायचा. आज सांगतो म्हणायचा. जाऊ टोपल्या वाहायची, तिच्या पायांना पहिल्या आठवड्यातच भेगा पडल्या, पण तिने तक्रार केली नाही. हळूहळू तिचं हसणं थांबलं. थोरली धाकट्याच्या ताटात वाढायला वाकली की ती बघत राहायची.

अकराव्या दिवशी काम सुटल्यावर सगळ्या बायका पंपावर पाय धूत होत्या. ऊन अजून उतरलं नव्हतं. थोरली म्हणाली, "चल मग माझ्याकडे, तुझ्या टाचांना तेल लावते."

"तुझ्याकडे, तुझ्याकडे," जाऊ म्हणाली. आवाज मोठा नव्हता, भाषाही त्यांची नव्हती, पण तो सूर ऐकून पाणी घेणाऱ्या बायका थांबल्या. "तुझं अंथरूण रिकामं झालं म्हणून माझंही रिकामं हवं, असंच ना? का दुसरंच काही आहे? दोन वर्षं तो तुझ्या हातचं जेवतोय. मी आले तर माझ्याकडे बघत नाही. मी काय खुळी आहे?"

थोरली पाय धूत राहिली. बोटांच्या बेचक्यांतलं मीठ तिने एकेक करून काढलं. एक म्हातारी मजूरबाई दुसरीला काहीतरी बोलली आणि दोघी बाजूला सरकल्या.

धाकटा बांधावर उभा होता, खांद्यावर दंताळं. त्याने ऐकलं होतं. दंताळं खाली टाकून तो आला आणि जावेला म्हणाला, "माझ्याबरोबर ये."

तो तिला पार शेवटच्या वाफ्यापर्यंत घेऊन गेला, जिथून कोणालाच काही ऐकू येणार नाही. थोरलीला पांढऱ्या उजेडात फक्त दोन आकृत्या दिसत होत्या. तो बोलत असावा, त्याचे हात हलत होते. मग हात थांबले. जाऊ तशीच उभी राहिली. मग ती खाली बसली, उकिडवी, भरल्या वाफ्यात, लुगडं खाऱ्या पाण्यात भिजलं तरी उठली नाही.

परत आली ती सरळ थोरलीसमोर उभी राहिली.

"तुला माहीत होतं."

"हो."

"मी आले त्या दिवशी?"

"त्याच्या आधीपासून. मी शब्द दिला होता."

"माझ्या आईलाही शब्द दिला होतास," जाऊ म्हणाली. "तेव्हा किती बोलली होतीस."

थोरलीने स्वतःचंही सांगायला तोंड उघडलं, पण ते आता दया मागितल्यासारखं झालं असतं.

पुढचे तीन दिवस जाऊ तिच्याच खोलीत झोपली, भिंतीकडे तोंड करून. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हते. निरोप थोरलीमार्फत जायचे. "त्याला सांग, धुतलेला सदरा बाहेर आहे." "तिला सांग, पायाला तेल लाव म्हणावं." तिघांची भाषा एकच होती, आणि मधे उभी राहून थोरली तीच वाक्यं इकडून तिकडे देत होती.

गुरुवारी गाडी आली. जाऊ आत बसली, तिने बोट पुढे केलं आणि डोळे मिटले. धाकटा गाडीच्या चाकापाशी उन्हात उभा होता. सिस्टरने दोनदा बघितलं आणि थोरलीकडे बघून मान हलवली.

"नाहीये," थोरली म्हणाली. "तुला नाहीये."

जावेने डोळे उघडले. सिस्टर पुढचं सांगत होती, एकत्र राहता येईल, काय काळजी घ्यायची, थोडी वाट बघा, गोळ्यांनी रक्त ताब्यात येतं. थोरली सांगत गेली. जावेने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी वर जाते. पायऱ्या परत बांधायच्या आहेत. दगड तिथेच पडलेत." दाराशी जाऊन ती वळली. "त्याला सांग, गोळी चुकवायची नाही. वर यायचं का नाही, ते मी नंतर सांगेन."

थोरली खाली उतरून धाकट्याला हे सांगायला गेली. पण त्याने ऐकलं होतं. त्याने चेहरा ओंजळीत धरला होता.

दुपारी ट्रक भरत होता. जाऊ गाठोडं घेऊन त्याच्या सावलीत उभी होती. तिकडे सिस्टरने वरच्यांना गाडीपाशी गोळा केलं होतं. डोंगर घसरल्यामुळे त्या आठवड्यात वरून दहा-बारा जण नवीन आले होते, कोवळ्या दाढ्यांचे, पायाला अजून भेगा नसलेले. थोरली नेहमीसारखी उभी राहिली. वाळवीचं सांगितलं, बुटाचं सांगितलं. नवे हसले, जुने त्यांना हसताना बघून हसले.

"ज्यांना हा आजार असतो ती माणसं..." इथवर ती आली आणि थांबली. हे वाक्य तिने दीड वर्ष म्हटलं होतं. सिस्टरला वाटलं तिला शब्द सापडत नाही.

"मला आहे," थोरली म्हणाली. "दोन वर्षं झाली. रोज एक गोळी घेते. टोपली तुमच्याइतकीच उचलते. बाकी कोणाचं मला विचारू नका, मी सांगणार नाही. माझं तेवढं सांगते."

हसणं विरलं. पुढे बसलेल्यांपैकी एकाने पाय मागे घेतले. धाकटा बांधावर होता, त्याने मान वर केली आणि तो तसाच तिच्याकडे बघत राहिला.

"काय सांगितलंस?" सिस्टरने हळूच विचारलं.

"सांगायचं होतं ते."

माणसं उठली. त्या दिवशी तपासणीला कोणीच थांबलं नाही. पुढच्या खेपेला तिघं आले, त्यातले दोघं नवे, पण ते नंतर. त्या दुपारी थोरली पिण्याच्या पाण्याच्या पिंपाकडे गेली. तिथे पाण्यासाठी चार-पाच जण उभे होते. ते आपसूक बाजूला झाले. तिने कडीचा पेला बुडवला आणि अर्धा प्यायली. उरलेल्या पाण्याचं काय करावं तिला कळेना. परत पिंपात ओतावं तर सगळे बघत होते. जमिनीवर टाकावं तर हात होत नव्हता. पेला हातात धरून ती तशीच उभी राहिली.

ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. जाऊ सावलीतून निघाली, पण ट्रककडे न जाता पिंपाकडे आली. तिने थोरलीच्या हातातून पेला घेतला, तोंडाला लावला आणि उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं. मग पेला पिंपाच्या कडेला अडकवला. पदराने तोंड पुसलं, गाठोडं उचललं आणि फळी धरून ट्रकमध्ये चढली.

वाट तीन दिवसांची होती, ऊन कडक होतं. नुसती तहानही लागली असेल. थोरलीने विचारलं नाही, आणि जाऊ मिठाच्या पोत्यांवर दुसरीकडे तोंड करून बसली, ती ट्रक दिसेनासा होईपर्यंत तशीच.